जुन्या युद्धपटांतल्या ब्रिटिश गाड्या ओळखायच्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धावरचा जुना इंग्रजी चित्रपट लागला की काही जणांचं लक्ष नायकाकडे नसतंच. मागून धूळ उडवत गेलेला ट्रक कोणता, हा किडा डोक्यात शिरलेला असतो. अशा मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. भर ब्रिटिश सैन्याच्या गाड्यांवर आहे. अमेरिकन आणि जर्मन गाड्या लागतील तेवढ्याच येतील.

सुरुवात कुठून करायची? गाड्यांची नावंच माहीत नाहीत.

नावं नंतर. आधी चित्रपट कोणत्या वर्षी चित्रित झाला ते बघा. कथा १९४२ची असली तरी गाडी चित्रीकरणाच्या वर्षातली असू शकते, आणि निम्म्याहून अधिक गफलती इथेच होतात.

ढोबळमानाने तीन काळ धरा. १९३९ ते १९४५ दरम्यान ब्रिटनमध्येच तयार झालेल्या चित्रपटांना लष्कर स्वतःच्या गाड्या आणि माणसं द्यायचं. त्यामुळे त्यांत दिसतं ते बहुतेक अस्सल असतं. युद्ध संपल्यानंतरची काही वर्षंही बरी, कारण डिस्पोजलमध्ये निघालेल्या गाड्या स्वस्तात आणि हव्या तितक्या मिळत होत्या. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून मात्र सावध व्हायचं. लष्कराकडे तोवर नव्या पिढीच्या गाड्या आलेल्या होत्या, आणि चित्रपटाला मदत म्हणून लष्कर द्यायचं ते त्याच. १९६०-७०च्या दशकांत मोठे युद्धपट स्पेन, युगोस्लाव्हिया अशा देशांत चित्रित होऊ लागले. तिथल्या लष्कराकडे जे असेल त्याला रंग फासून उभं करायचं, असा तो मामला.

म्हणून प्रत्येक गाडीसमोर तीन वर्षं लिहा: कथेचं, चित्रीकरणाचं आणि गाडी पहिल्यांदा तयार झाली ते. तिसरं वर्ष पहिल्याच्या पुढचं निघालं, की ती गाडी सोंग घेऊन उभी आहे हे नक्की.

चित्र थांबवलं. आता नेमकं काय बघू?

पुढून मागे या. नाक, काच, चाकं, शेपूट.

नाक म्हणजे बोनेट आणि रेडिएटरची जाळी. बोनेट लांब आहे की आखूड, सपाट आहे की उतरतं, की केबिन थेट इंजिनावर बसली आहे? समोरची काच सरळ उभी आहे की कललेली, एकसंध आहे की ड्रायव्हर आणि शेजाऱ्यासाठी दोन चिमुकल्या वेगळ्या काचा आहेत? स्टेअरिंग कुठल्या बाजूला? ब्रिटनमध्ये तयार झालेल्या गाड्यांचं ते आपल्यासारखंच उजवीकडे असतं. अमेरिकेहून आलेल्या बहुतेक गाड्यांचं डावीकडे.

मग चाकं. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध, एक्सलवर गोल फुगवटा दिसला तर पुढची चाकंही इंजिनाच्या ओढीने फिरतात, म्हणजे गाडी चार चाकी ओढीची. एवढ्या एका खुणेवर अर्धी यादी गळते. लष्करी चाकांच्या बऱ्याच रिमा दोन भागांच्या असत आणि ते भाग नटांच्या एका वर्तुळाने जोडलेले असत. हवा भरलेली असताना ते नट सोडले तर रिम फुटून माणूस जायचा, म्हणून त्यांना लाल रंग देत. रंगीत चित्रफितीत हे लाल ठिपके छान दिसतात.

शेवटी शेपूट: फाळका, ताडपत्रीच्या कमानी, जादा चाक कुठे टांगलंय.

यूट्यूबवर बघत असाल तर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबा, एक फ्रेम पुढे जाते. स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. गाडी वळत असतानाची फ्रेम पकडा, नाक आणि बाजू दोन्ही एकाच चित्रात मिळतात.

‘पंधरा हंड्रेडवेट’, ‘तीन टनी’ ही काय भानगड आहे?

गाडीचं स्वतःचं वजन नव्हे, तिने वाहायचा माल. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, सुमारे ५१ किलो. १५ हंड्रेडवेटची गाडी पाऊण टनाच्या आसपास माल नेते, ३० ची दीड टन. ब्रिटिश लष्करात लहान १५ हंड्रेडवेटवाल्यांना ‘ट्रक’ आणि मोठ्या तीन टनींना ‘लॉरी’ म्हणत. आपण दोन्हींना ट्रकच म्हणतो आणि इथेही तेच करणार आहोत.

सगळे ट्रक सारखेच दिसतात. सगळ्यात जास्त कोणता दिसतो?

बेडफर्ड. ब्रिटिश युद्धपटात ट्रक दिसला आणि काहीच सुचलं नाही तर बेडफर्ड म्हणा, बऱ्याचदा बरोबर निघेल. लूटन शहरातल्या व्हॉक्सहॉल कंपनीचे हे ट्रक. युद्धकाळात त्यांनी लष्करासाठी सुमारे अडीच लाख गाड्या काढल्या.

तीन चेहरे लक्षात ठेवले की पुरे. पहिला एमडब्ल्यू, १५ हंड्रेडवेटचा. याचं बोनेट रुंद आणि सपाट, त्यावर जेवणाची पानं मांडावीत असं. १९४३च्या आधीच्या गाड्यांना धड केबिनच नाही: दारांच्या जागी कॅनव्हास, पूर्ण काचेऐवजी दोन छोट्या काचा. नंतरच्या गाड्यांना पत्र्याची दारं आणि सलग काच आली. म्हणजे १९४० मधल्या फ्रान्सच्या दृश्यात दारांचा एमडब्ल्यू दिसला तर तो तिथे तीन वर्षं आधीच पोचला आहे.

दुसरा ओवाय, तीन टनी, आणि त्याचा धाकटा भाऊ ओएक्स. यांचं बोनेट समोरच्या बाजूला तीव्र उतरतं. मागची दोनच चाकं ओढीची.

तिसरा क्यूएल. याला बोनेट जवळजवळ नाहीच. ड्रायव्हर इंजिनाच्या बाजूला, पुढच्या चाकांवर बसतो. चार चाकी ओढीचा हा तीन टनी ट्रक १९४१ पासून निघाला आणि सुमारे ५२,०००च्या घरात तयार झाला. माल वाहणारा, सैनिक वाहणारा, बोफोर्स तोफ ओढणारा, वायरलेसची खोली पाठीवर घेतलेला, अशी त्याची कितीतरी रूपं आहेत.

क्यूएलची गल्लत होते ती युद्धानंतरच्या बेडफर्ड आरएलशी. आरएल १९५०च्या दशकातला, चांगला उंच आणि गोलसर कोपऱ्यांच्या केबिनचा. १९५५ नंतरच्या चित्रपटांत वाळवंटी रंग लावून आरएल बिनधास्त उभे केलेले दिसतात. केबिनचे कोपरे गुळगुळीत दिसले की शंका घ्या. युद्धकाळातला पत्रा सरळ कापायचा, सरळ वाकवायचा आणि बोल्ट मारून मोकळं व्हायचं, असा होता.

ट्रकची समोरची काच उलटी, पुढे झुकलेली दिसते. बिघडलेली आहे का?

नाही, तीच त्याची ओळखखूण. हे कॅनडाचे ट्रक. फोर्ड आणि शेव्हरोले या एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या कंपन्यांच्या कॅनडातल्या कारखान्यांनी एकाच ठरावीक नमुन्याचे लष्करी ट्रक काढले, तेही चार लाखांहून जास्त. ब्रिटिश गरजेनुसार बनवलेले म्हणून स्टेअरिंग उजवीकडे.

केबिनच्या पिढ्यांना क्रमांक आहेत. ११ आणि १२ क्रमांकाच्या केबिनची काच सरळ उभी. १९४१च्या अखेरीपासून १३ क्रमांकाची केबिन आली, तिची काच वरून पुढे आणि खालून आत अशी कललेली. काचेवर ऊन चमकून वरच्या विमानाला ठावठिकाणा लागू नये, हा त्यामागचा हेतू. बोनेट आखूड, नाक बसकं. एकदा हा चेहरा डोळ्यात बसला की अंधाऱ्या दृश्यातही सुटत नाही. फोर्ड की शेव्हरोले, हे १३ क्रमांकात जाळीवरून कळतं: चौकोनी घरांची जाळी फोर्डची, शंकरपाळ्यासारख्या तिरक्या घरांची शेव्हरोलेची. अर्थात त्यासाठी चित्रफीत स्वच्छ हवी.

या ट्रकांचा आपल्याशी थेट संबंध आहे. हिंदुस्थानातल्या सैन्याकडे ते मोठ्या संख्येने होते. कॅनडाहून आलेल्या फोर्ड चेसिसवर, टाटांच्या जमशेदपूरच्या पोलादाच्या चादरी लावून, इथल्या रेल्वे वर्कशॉपांत चिलखती गाड्या बांधल्या गेल्या. ‘इंडियन पॅटर्न’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या झाल्या. ब्रह्मदेश, मध्यपूर्व किंवा इटलीच्या चित्रफितीत चार चाकी, कोनाकोनाची, इंजिन मागे असलेली चिलखती गाडी दिसली आणि ब्रिटिश यादीत कुठेच सापडेना, तर ही जमशेदपूरची असू शकते. इंग्रजी पुस्तकं हिच्यावर दोन ओळींत उरकतात, हे खटकतं.

वाळवंटातली ती प्रसिद्ध ॲम्ब्युलन्स कोणती?

ऑस्टिन के-२. ‘आइस कोल्ड इन ॲलेक्स’ या १९५८च्या चित्रपटात तीच जवळजवळ नायिका आहे, आणि ‘केटी’ हे तिचं नाव सैनिकांनी के-टू वरूनच पाडलेलं. कथा १९४२ मध्ये लिबियातलं टोब्रुक बंदर पडत असतानाची, चित्रीकरण लिबियातलं. म्हणजे वर सांगितलेल्या तीन वर्षांच्या कसोटीला ही गाडी चोख उतरते.

ओळखायला सोपी: समोर गोलसर ऑस्टिनचं नाक, मागे केबिनच्याही वर चढलेली मोठी पेटी आणि दोन पल्ल्यांचं दार. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र दारच नाही, फक्त कॅनव्हासचा पडदा. आत चार स्ट्रेचर किंवा बसून दहा जखमी मावत. सुमारे १३,००० तयार झाल्या. राजकन्या एलिझाबेथ, म्हणजे पुढची राणी, १९४५ मध्ये लष्कराच्या महिला दलात ड्रायव्हर-मेकॅनिकचं शिक्षण घेत असतानाच्या छायाचित्रांतही हीच गाडी आहे.

एक बारकावा. के-२ ची फक्त मागची चाकं ओढीची आहेत. त्यामुळे वाळूच्या चढावर इंजिनाचं हँडल हाताने फिरवून तिला उलटी वर चढवण्याचा प्रसंग उगाच लांबवलेला वाटत असेल, तर गाडीच्या बाजूने बोलायचं झाल्यास तो अगदी पटण्यासारखा आहे.

ट्रॅकवर धावणारी, वरून उघडी, छोटी गाडी म्हणजे रणगाडाच का?

नाही. ती युनिव्हर्सल कॅरिअर, बोलीत ब्रेन कॅरिअर. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असं सगळीकडे मिळून सुमारे १ लाख १३ हजार तयार झाल्या. जगात इतक्या संख्येने दुसरी कुठलीही चिलखती लढाऊ गाडी बनलेली नाही. त्यामुळे ती प्रत्येक चित्रपटात कुठे ना कुठे असतेच.

खूण: एका बाजूला तीन चाकं, दोन जोडीने आणि एक सुटं. चार दिसली तर ती लॉइड कॅरिअर, तोफ ओढणारी. आधीच्या खऱ्या ब्रेन कॅरिअरला मागे एकाच बाजूला बसायचा खण होता, युनिव्हर्सलला दोन्हीकडे.

हिचं वळणं बघण्यासारखं असतं. रणगाड्यासारखे दोन दांडे नाहीत, साधं स्टेअरिंग चाक आहे. ते थोडं फिरवलं की पुढची चाकजोडी आडवी सरकते आणि ट्रॅकच किंचित वाकतो, गाडी हळूच वळते. अजून फिरवलं की एका बाजूच्या ट्रॅकला ब्रेक लागतो आणि ती झटक्यात फिरते. चित्रफितीत गाडी आधी मऊ वळून मग एकदम गिरकी घेताना दिसली तर हे लक्षात घ्या.

जीप तर ओळखू येते. त्यात विचारण्यासारखं काय?

सगळ्यात जास्त फसगत जीपमध्येच होते. ओळखीची वाटते म्हणून कुणी नीट बघतच नाही.

पहिली गोष्ट, १९४१च्या आधी जीप नाही. आपण जिला जीप म्हणतो ती विलीज एमबी त्या वर्षाच्या अखेरीस निघू लागली. डंकर्कच्या, म्हणजे मे-जून १९४० मध्ये ब्रिटिश सैन्याने फ्रान्समधून घेतलेल्या माघारीच्या दृश्यात जीप असेल तर चित्रपटाने थाप मारली आहे.

दुसरी, समोरची जाळी. अगदी सुरुवातीच्या विलीजला पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. १९४२ मध्ये फोर्डची एका पत्र्यातून ठोकून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी दोन्ही कंपन्यांनी घेतली. युद्ध संपल्यावर नागरी वापरासाठी आलेल्या सीजे-२ए ला सात फटी आणि मोठे, पुढे आलेले हेडलाइट. म्हणून फटी मोजा: नऊ असतील तर युद्धातली, सात तर नंतरची. जाळी बदलून फसवलंय असं वाटलं तर मागे जा. युद्धातल्या जीपला मागे उघडणारा फाळका नव्हता आणि जादा चाक पाठीवर असे. नागरी जीपला फाळका आला आणि चाक बाजूला गेलं.

विलीज की फोर्ड, हे जाळीमागच्या चेसिसच्या आडव्या दांडीवरून सांगतात: विलीजची नळीसारखी गोल, फोर्डची चौकोनी. चित्रपटात हे क्वचितच दिसतं, त्यामुळे नुसतं ‘जीप’ म्हणून थांबायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या चित्रपटांची. महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पुढे सीजे-३बी हा नमुना आला आणि त्याच्यापासून निघालेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर अनेक दशकं राहिल्या. इंजिन उंच म्हणून बोनेटही उंच, त्यामुळे या जीपचं नाक फुगलेलं दिसतं. हिंदी किंवा मराठी चित्रपटात इंग्रजी अंमलातला अधिकारी असल्या फुगीर नाकाच्या जीपमधून उतरला, तर ती जीप १९५३च्या आधीची असूच शकत नाही. साहेब तोवर जहाजाने घरी गेलेले.

आणि लँड रोव्हर? ती १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. महायुद्धाच्या दृश्यात ती दिसली तर पुढे काही तपासायची गरज नाही.

छोट्या चिलखती गाड्यांमध्ये डिंगो कोणती आणि फेरेट कोणती?

दोन्ही डेमलर कंपनीच्या आणि फेरेट ही डिंगोचीच पुढची पिढी, म्हणून चेहरा घराण्याचा. डिंगो युद्धातली: बुटकी, बुरूज नसलेली, सरकवून उघडायचं छप्पर. तिला पुढे जायचे पाच आणि मागे जायचेही पाच गिअर होते. शत्रू दिसला की तोंड न फिरवता सुसाट मागे पळायचं, टेहळणीच्या गाडीला आणखी काय हवं! फेरेट १९५२ पासून सैन्यात आली. चाकं मोठी, जादा चाक कुशीला टांगलेलं, आणि बऱ्याच गाड्यांवर मशीनगनचा लहानसा बुरूज. भारतीय लष्कराकडेही फेरेट होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या छावण्यांत शोभेला उभी असलेली छोटी चिलखती गाडी बरेचदा हीच निघते.

बुरूज आणि त्यात तोफ असलेली डेमलर ही वेगळी, डिंगोची थोरली बहीण. सहा चाकं असतील तर युद्धानंतरची सॅलडिन किंवा सॅरासेन.

रणगाड्यांचं काय?

हा स्वतंत्र विषय आहे, इथे युद्धपटांत घोळ घालणारे तेवढेच. क्रॉमवेल: समोरचा पत्रा सरळ उभा, बुरूज चौकोनी आणि त्यावर मोठाले बोल्ट, बाजूला पाच मोठी चाकं. लढाईत आला १९४४ मध्ये. कॉमेट: तसाच, पण चाकांच्या वर ट्रॅक पेलणाऱ्या लहान पुल्या आहेत. हा १९४५चा. सेंच्युरियन: सहा चाकं, समोरचा पत्रा उतरता. याचे पहिले सहा नमुने मे १९४५ मध्ये युरोपात पोचले तेव्हा लढाई संपली होती. म्हणून महायुद्धात लढणारा सेंच्युरियन फक्त चित्रपटात सापडतो.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर अहिल्यानगरचं, म्हणजे आधीच्या अहमदनगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन आणि रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडीही तिथे आहे. फोटोत माटिल्डा अजस्र वाटते, शेजारी उभं राहिल्यावर ती केवढी आटोपशीर आहे ते कळतं. पडद्यावरचा आकार किती फसवा असतो याचा अंदाज यायला तेवढी एक फेरी पुरे.

अधिकाऱ्यांच्या मोटारी?

जनरलची लांबलचक मोटार बहुधा हंबर. मॉन्टगोमरींची उघड्या टपाची हंबर सुपर स्नाइप प्रसिद्ध आहे. चार चाकी ओढीची, पेटीसारख्या अंगाची हंबरही दिसते. आणि पुढून साधी नागरी मोटार, मागून छोटा टेम्पो अशी गाडी असेल तर ती ‘टिली’. ‘युटिलिटी’चं सैनिकांनी केलेलं लाडकं रूप. ऑस्टिन, मॉरिस, हिलमन, स्टँडर्ड अशा चार कंपन्यांनी काढल्या. नाकावरून कंपनी ओळखा, मागचं अंग सगळ्यांचं जवळपास सारखंच.

गाडीवरचे आकडे आणि चिन्हं कशी वाचायची?

इथे थांबून वेळ घालवा, मोबदला चांगला मिळतो.

युद्धकाळात बोनेटच्या बाजूला किंवा दारावर पांढऱ्या रंगात एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे असत. अक्षरावरून गाडीची जात कळते: एल म्हणजे लॉरी, झेड म्हणजे १५ हंड्रेडवेटसारखे लहान ट्रक, एम मोटारी, ए ॲम्ब्युलन्स, सी मोटारसायकली, टी रणगाडे आणि कॅरिअर, एफ चिलखती गाड्या, एच तोफा ओढणारी वाहनं. ॲम्ब्युलन्सवर एल दिसला तर रंगवणाऱ्याने अंदाजपंचे काम केलंय. १९४९ मध्ये ही पद्धतच बदलली. दोन आकडे, दोन अक्षरं, पुन्हा दोन आकडे असा नवा क्रमांक आला. लष्कराने चित्रपटासाठी दिलेल्या गाडीवरचा हा नवा क्रमांक पुसायचा बऱ्याच वेळा राहून जातो.

मग तुकडीचं चिन्ह, मडगार्डवर किंवा बंपरवर. सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचा लाल वाळवंटी उंदीर सगळ्यांना माहीत असतो. पण उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या चित्रफितींत चौथ्या इंडियन डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्या डिव्हिजनचा लाल गोळा, आठव्या डिव्हिजनची क्लोव्हरची पानं हीही शोधा. आठव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती आणि ९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी याच पलटणीतून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीतल्या शेवटच्या वसंतातल्या वार्तापटात ही पानं असलेला ट्रक दिसला तर त्यात बसलेली मंडळी सातारा-कोल्हापूरकडची असण्याची शक्यता धरायला जागा आहे.

समोर पिवळ्या गोल तबकडीवर एक आकडा असतो. तो वेगमर्यादेचा नव्हे, कोणत्या पुलावरून गाडी न्यायची त्याचा वजनाचा वर्ग.

आपल्याच विमानांना ओळख पटावी म्हणून रंगवलेली खूण वर्ष सांगते. पांढरा तारा ब्रिटिश गाड्यांवर १९४३ पासून, सिसिलीच्या स्वारीच्या सुमारास रुळला. त्याआधी वाळवंटात लाल-पांढरा-लाल पट्टा, किंवा विमानदलासारखी वर्तुळं. १९४०च्या ट्रकवर पांढरा तारा हा अगदी हमखास आढळणारा घोटाळा आहे.

शेवटची माझी आवडती खूण: मागच्या एक्सलवरचा फुगवटा पांढरा रंगवलेला आणि त्यावर एक इवलासा दिवा. ब्लॅकआउटमध्ये मागच्या ट्रकला एवढंच दिसायचं आणि सगळा तांडा या पांढऱ्या ठिपक्यामागे चालायचा. ही गोष्ट ज्या चित्रपटात नीट केलेली असते, तिथे बाकीचंही सहसा नीट असतं.

कृष्णधवल चित्रपटात रंग कसा ओळखणार?

रंग ओळखता येत नाही, नक्षी येते. १९४२च्या सुमारास ब्रिटनमधल्या गाड्यांवर, विशेषतः ताडपत्रीच्या वरच्या कडेला, काळे गोल गोल डाग रंगवत. सैनिक त्याला ‘मिकी माउस’ म्हणायचे, कानांसारखे दिसतात म्हणून. हे डाग दिसले की काळ १९४२ ते ४४ धरा. १९४४ पासून सरसकट ऑलिव्ह हिरवा आला. लाल-निळी चिन्हं मात्र दोन्ही करडीच दिसतात, तिथे पैज लावू नका.

मोटारसायकली?

बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या दोघीच बहुतेक वेळा. दोन्हींना पुढे दांड्यांचा सांगाडा आणि मधे स्प्रिंग असलेले जुने फोर्क. नळीचे टेलिस्कोपिक फोर्क असलेली खरी युद्धातली गाडी म्हणजे मॅचलेस जी-३एल, १९४१ पासूनची. यांच्यातल्या कुठल्याच गाडीला मागे सस्पेन्शन नाही, ड्रायव्हरच्या सीटखालच्या स्प्रिंगा काय तो आधार. मागच्या चाकाला शॉकअब्झॉर्बर दिसला की ती युद्धानंतरची. आपल्याकडच्या चित्रपटांत तर बहुधा मद्रासची एन्फिल्ड बुलेटच खाकी रंगात उभी असते, आणि ती इथे १९५५ पासूनची.

तोफा आणि रणगाडे ओढणारी धूडं?

पाठ उतरती, कासवासारखी बंद गाडी आणि मागे २५ पौंडी तोफ: मॉरिस क्वाड. सपाट तोंडाची उंच, मोठी गाडी: एईसी मॅटाडॉर, लंडनच्या बस बनवणाऱ्या कंपनीची. युद्धानंतर लाकूडतोड्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी मॅटाडॉर कित्येक वर्षं वापरले, म्हणून चित्रपटवाल्यांनाही सहज मिळाले. रेडिएटरच्या डोक्यावर कॉफीच्या किटलीसारखं नळकांडं असेल तर स्कॅमेल.

लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात दिसणारे हिरवे बंब खरे का?

नाहीत. ‘ग्रीन गॉडेस’ म्हणतात ते बंब १९५३ नंतरचे, बेडफर्ड आरएलच्या कुळातले. युद्धातले बंब करड्या रंगाचे असत, बरेचसे ऑस्टिनचे. रूटमास्टर डबलडेकरही त्या लंडनमध्ये नव्हती, ती १९५०च्या दशकातली.

वार्तापट तर खरेच असतात ना? मग त्यात जर्मन सैनिक बेडफर्डमध्ये कसे?

ते खरंच आहे. डंकर्कला ब्रिटिश सैन्य साठ हजारांहून अधिक वाहनं मागे टाकून निघालं. जर्मनांनी त्यातली चालती करून वापरली, रशियापर्यंत नेली. काळा क्रॉस लावलेला बेडफर्ड ही चूक नव्हे.

पण वार्तापटावर डोळे झाकून विश्वासही नको. ‘डेझर्ट व्हिक्टरी’ या १९४३च्या ऑस्करविजेत्या माहितीपटात लष्करी छायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपलेलं अस्सल चित्रण आहे, आणि रात्रीच्या हल्ल्याची काही जवळून घेतलेली दृश्यं पाइनवूड स्टुडिओत उभी केलेली आहेत. शिवाय संकलनात फीत उलटीही लावली जाते, का तर फौज डावीकडून उजवीकडे जाताना दिसायला हवी. ब्रिटिश गाडीचं स्टेअरिंग डावीकडे दिसलं तर आधी आकडे आरशातल्यासारखे उलटे आहेत का ते बघा.

ताळा कुठे करायचा?

चित्रपटातल्या गाड्यांची आयएमसीडीबी नावाची सूची इंटरनेटवर आहे. बहुतेक चित्रपट त्यात सापडतात, पण ती हौशी लोकांनी भरलेली आहे, तेव्हा तिथलं नाव पुरावा म्हणून न घेता सुगावा म्हणून घ्या. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा छायाचित्रसंग्रह आणि ब्रिटिश पाथेचे वार्तापट घरबसल्या बघता येतात. खऱ्या गाडीचं तारखेसहित छायाचित्र मिळालं की वाद संपतो.

सगळ्या खुणा एकमेकींशी भांडतात. अशी गाडी आली तर?

बहुधा वेश बदललेली आहे. वरचा सांगाडा खोटा करता येतो, चाकांमधलं अंतर सहसा नाही. म्हणून अशा वेळी रंग, चिन्हं, बुरूज सगळं विसरून चाकं मोजा आणि त्यांची मांडणी बघा. ‘अ ब्रिज टू फार’ मधले पँथर रणगाडे असेच उघडे पडतात. बुरुजावर पत्रे चढवले, तरी खाली १९६०च्या दशकातल्या लेपर्ड या जर्मन रणगाड्याची चाकं आहेत. ‘द ग्रेट एस्केप’ मध्ये कुंपणावरून उडी मारणारी जर्मन मोटारसायकल तर मुळात ब्रिटिश ट्रायम्फ टीआर-६ होती. खरी बीएमडब्ल्यू जड, तिला घेऊन तसली उडी जमली नसती. रंग जर्मन दिला, पण इंजिनाचे दोन उभे सिलिंडर काही झाकले नाहीत. बीएमडब्ल्यूचे दोन्ही बाजूंना आडवे निघालेले असतात.